पाडव्याच्या आदल्या दिवशीची भैरवी

सावळीरामने वर्षानुवर्षं माझी निवेदनं कापली, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे मी त्याच्याबद्दल काही बरं बोललो, तर ते भिडेपोटी नाही हे कळेल.

मी शाळेत मराठी शिकवायचो आणि हौस म्हणून नाशिकमधल्या गाण्याच्या कार्यक्रमांचं निवेदन करायचो. त्या काळात, म्हणजे नव्वदच्या दशकात, आमच्याकडे एक नवीनच गोष्ट सुरू झाली होती. कार्यक्रम संपवून लोक बाहेर पडले, की दारातच त्यांना त्या कार्यक्रमाची कॅसेट विकत मिळायची. आत्ता ऐकलेलं गाणं आत्ता हातात. ही कॅसेट करणारा आणि विकणारा माणूस म्हणजे सावळीराम. मीही दर वेळी घ्यायचो आणि घरी जाऊन मोठ्या कौतुकाने बायकोला ऐकवायला लावायचो. 'रसिकहो' एवढा माझा आवाज यायचा आणि पुढे थेट तबला. बायको म्हणायची, छान बोललात.

एकदा मी त्याला चांगलाच फैलावर घेतला. तो शांतपणे म्हणाला, "सर, तुमचं बोलणं लय भारी हाय. पण टेपची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांचीच हाय."

हे बोलतानाही तो उभाच होता. बूड टेकणं हा प्रकार त्याला ठाऊक नव्हता. मूळचा मखमलाबादचा, घरचा मळा झेंडूचा आणि शेवंतीचा. अंगात वारं शिरल्यासारखा एका कामातून दुसऱ्यात फिरत राहिला. विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून दिली, लाउडस्पीकर भाड्याने दिले, ओझरच्या विमान कारखान्यात कंत्राटी वायरमन म्हणून लागला आणि तिथे एका जागी बसवतात म्हणून सोडून आला. गाण्याच्या कार्यक्रमांना तो पहिल्यांदा आला तो सत्काराचे हार घेऊन. हार पोचवायचे आणि निघायचं, एवढंच काम. पण स्टेजमागे उभं राहून त्याने पाहिलं, की पुढच्या रांगेतले चार-पाच जण मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन बसलेत आणि गाणारी बाई त्यांच्याकडे बघून वैतागली आहे.

ती बाई म्हणजे मोहिनीताई. पंचवटीत त्यांचा गाण्याचा क्लास होता. अभंग, नाट्यपदं, भावगीतं गायच्या. मुंबईला त्यांना फारसं कुणी ओळखत नसेल, पण नाशिक, निफाड, मालेगाव या पट्ट्यात त्यांचं नाव काढलं की लोक सतरंजीवर जागा धरायला दुपारपासून पिशव्या ठेवायचे. मांडीवरच्या त्या टेपांमध्ये गाण्यापेक्षा खोकलाच जास्त भरला जायचा आणि त्याच्याच कॉप्या गावभर फिरायच्या. सावळीराम त्यांच्याकडे गेला आणि म्हणाला, "ताई, तुमच्या परवानगीनं मीच नीट घेतो आन् दारात विकतो. वर तुमची सही." ताईंनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं आणि हो म्हटलं. का, ते मला आजही सांगता येणार नाही. बहुधा त्याची घाई खरी वाटली असेल.

घाईचं कारण तो फुलांच्या भाषेत सांगायचा. सकाळी तोडलेलं फूल सकाळीच गेलं पाहिजे, दुपारी त्याला कुणी विचारत नाही. गाण्याचंही तसंच, माणूस एकदा स्कूटरला किक मारून घरी गेला की संपलं. मला हा विचार आवडायचा नाही. चांगलं गाणं वर्षानुवर्षं टिकतं, असं मी त्याला ऐकवायचो. तो म्हणायचा, "टिकतं ना सर. पण इकत घ्यायची इच्छा पार्किंगपतुरच टिकते."

त्यासाठी त्याने एक पद्धत बसवली होती. स्टेजच्या बाजूला रेकॉर्डिंगचं मशीन, बाहेर रस्त्याला लावलेल्या मॅटाडोरमध्ये कॉप्या काढायचं मशीन, आणि त्याच्यावर बायको सविता. पूर्वार्ध संपला की कॅसेट काढून हा धावत बाहेर. मध्यंतरात पहिल्या बाजूच्या कॉप्या निघायच्या. उत्तरार्धात तो दुसरी बाजू भरायचा आणि कार्यक्रम संपायला थोडा वेळ असतानाच कॅसेट काढून पुन्हा पळायचा, म्हणजे लोक चपला शोधेपर्यंत माल तयार. त्यामुळे इतक्या कार्यक्रमांना हजर राहून या माणसाने एकही कार्यक्रम शेवटपर्यंत ऐकला नव्हता. शेवटपर्यंतच काय, मुळात ऐकलाच नव्हता; तो फक्त मशीनवरचा आवाजाचा काटा बघायचा. काटा लाल रंगात गेला की याचा जीव वरखाली.

या पद्धतीत एकच खोट होती. मैफल संपते भैरवीने, आणि भैरवी नेमकी कॅसेटमध्ये नसायची. ती गायली जात असताना सावळीराम बाहेर कॉप्या काढत असायचा. स्टेजजवळ दुसरं मशीन चालू सोडून तो भैरवी भरून ठेवायचा आणि गुरुवारी येऊन वेगळी कॅसेट घेऊन जा म्हणायचा. काही लोक जायचे, बरेच जायचे नाहीत. पण दारात प्रत्येक जण कॅसेट उलटीपालटी करून तेच विचारायचा, "भैरवी आहे का हो यात?" मोहिनीताईंची भैरवी ऐकायला तर लोक सगळा कार्यक्रम बसून काढायचे. सावळीरामला तो प्रश्न बोचायचा. नाही म्हणताना त्याचं तोंड कडू व्हायचं.

मग एका दिवाळीआधी मोहिनीताईंनी जाहीर केलं, की यंदाची पाडवा पहाट शेवटची. श्वास पुरत नव्हता. पुढच्या पाडव्याला मी समोर बसून दुसऱ्यांचं ऐकणार, असं त्यांनी मला हसत सांगितलं. गावात हळहळ सुरू झाली आणि सावळीरामची तर झोपच उडाली. तो माझ्याकडे शाळेत आला, दोनदा घरी आला. एकच धोशा. ताईंची शेवटची भैरवी, आणि लोक ती न घेता घरी जाणार. "गुरवारी या म्हणून कसं सांगू सर? शेवटची भैरवी गुरवारी?" मी म्हटलं, अरे, या वेळी लोकांना अर्धा तास थांबव. तर म्हणाला, पाडव्याला घरी फराळ वाट बघत असतो, नवऱ्याला ओवाळायचं असतं, कोण थांबतंय? ते मात्र खरं होतं.

त्याने काय केलं, ते मला नंतर सविताने सांगितलं.

पाडव्याचा आदला दिवस म्हणजे लक्ष्मीपूजन. झेंडूवाल्यांसाठी वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. पहाटेपासून सावळीराम भावाबरोबर बाजारात झेंडू विकत होता, आणि दुपारी तिथून तसाच, हात पिवळे घेऊन, गंगापूर रोडच्या लॉन्सवर आला. तिथे दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमाचं स्टेज बांधून झालं होतं. गालिचा अजून अंथरला नव्हता, नुसत्या फळ्या. मोहिनीताई पेटीवाल्याला आणि तबलजीला घेऊन आवाज लावून बघायला आल्या होत्या. माइक लागले, काटे हलले, सगळं ठीक झालं. मग हा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, भैरवी आत्ताच म्हणता का? मी भरून ठेवतो. उद्या लोकांना दारातच भेटंल."

पेटीवाल्याने पेटीवरून हात काढला. तबलजी म्हणाला, "वेडा झालास का?" मोहिनीताई मात्र रागावल्या नाहीत. सविताच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी आधी समोरच्या रिकाम्या लॉनकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "सावळीराम, एका मैफलीला एकच भैरवी असते. उद्याच्या मैफलीची भैरवी आज म्हटली, तर उद्या ती नाही. आज हवी का उद्या, तू सांग."

"आज," सावळीराम म्हणाला. त्याने विचारही केला नाही. त्याचं लक्ष आकाशाकडे होतं. तासाभरात पूजेची वेळ होणार, मग फटाके सुरू होणार, आणि एकदा फटाके सुरू झाले की रेकॉर्डिंग संपलं. शिवाय त्याला वाटलं, गाणारी माणसं असं बोलतातच. उद्या एवढा समाज समोर बसला की म्हणतीलच की.

ताईंनी डोळे मिटले आणि त्या गायल्या. समोर लॉनवर एकही खुर्ची मांडलेली नव्हती. सविता म्हणाली, "सर, मला गाण्यातलं काय कळत नाय. पण मी पदर तोंडाला लावून उभी होते. मंडपवाला शिडीवरून उतरायचा थांबला." आणि सावळीराम? "ह्ये काय, इकडून तिकडं. वायरी बघत, काटा बघत, फाटकाकडं बघत, कुठं फटाका वाजतोय का." गाणं संपल्याबरोबर त्याने कॅसेट काढली, ताईंच्या पाया पडला आणि मॅटाडोरकडे पळाला. घरी जाऊन त्याने कॉप्या काढायच्या मशीनचीच पूजा केली, वर झेंडूचा हार घातला आणि रात्रभर भैरवीच्या वेगळ्या कॅसेटी काढल्या, उद्याच्या कॅसेटबरोबर जोडीने द्यायला.

पाडव्याला पहाटे लॉन भरून गेलं होतं. आकाशकंदील, थंडी, उटण्याचा वास, नव्या साड्यांची सळसळ. सावळीराम त्या दिवशी मला वेगळाच वाटला. पळत नव्हता, मिरवत होता. माझ्या हातात एक चिठ्ठी देऊन म्हणाला, "सर, ह्ये तेवढं वाचा." त्यावर लिहिलं होतं, या वेळची कॅसेट भैरवीसह, दारातच मिळेल. मी माइकवरून वाचलं आणि टाळ्या पडल्या. माझ्या कुठल्याही वाक्याला तशा टाळ्या कधी पडल्या नाहीत.

मध्यंतरात मी त्याला गाठलं. "भैरवी अजून व्हायची आहे. तू ती दारात देणार कशी?"

त्याने खुशीत सगळं सांगितलं. ताई काय म्हणाल्या, तेही सांगितलं, हसत हसत. मला हसू आलं नाही. मोहिनीताईंना मी वीस वर्षं ओळखत होतो. ही बाई बोलायचं म्हणून बोलत नसे. मी त्याला म्हटलं, "अरे गाढवा, त्या आज भैरवी म्हणणार नाहीत."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. त्याने मशीन सोडलं, पूर्वार्धाची कॅसेट माझ्याच हातात कोंबली आणि स्टेजमागे धावला. ती एका स्वयंसेवकाबरोबर सविताकडे धाडून मीही मागोमाग गेलो. मोहिनीताई शाल गुंडाळून थर्मासमधलं कोमट पाणी पीत होत्या.

"ताई, आज भैरवी म्हणा," तो म्हणाला.

"झाली ना."

"मी सगळ्या कॅसेटी पुसतो ताई. आत्ता पुसतो. लोकांना सांगतो चूक झाली. तुम्ही फक्त आज म्हणा."

"पुसलीस म्हणून गायलेलं परत गळ्यात येतं का रे?" ताईंचा आवाज मऊच होता. "मी काही काल तालीम केली नाही. जे काही शिल्लक होतं ते काल दिलं. तू आज म्हणालास, मी आज दिलं."

"मला वाटलं तुम्ही आपलं बोलताय."

ताईंनी पेला खाली ठेवला. "ते जाऊ दे. तू होतास ना समोर? कशी झाली सांग."

सावळीराम माझ्याकडे बघायला लागला. मला तेव्हा त्याची इतकी दया आली, की त्याने कापलेली सगळी निवेदनं मी त्याच क्षणी माफ केली. त्याच्या तोंडून कसंबसं निघालं, "लेव्हल बरोबर आली, ताई."

मोहिनीताई हसल्या. टोमणा मारल्यासारख्या नाही, खरंच हसल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चला सर, लोक वाट बघतायत."

उत्तरार्ध सुंदर झाला असं सगळे म्हणतात. मला त्यातलं फारसं आठवत नाही, कारण माझं सगळं लक्ष सावळीरामकडे होतं. दर गाणं संपलं की तो स्टेजच्या कडेला येऊन ताईंकडे बघायचा. त्या नजर देत नव्हत्या. मग तो परत मशीनकडे, परत कडेला. ठरलेल्या वेळी कॅसेट काढून बाहेर पळायचंही तो विसरला. शेवटी सविताच आत येऊन ती घेऊन गेली. ऊन वर आलं होतं. लोक शाली काढून मांडीवर घेत होते आणि सरसावून बसत होते, कारण आता भैरवी.

ताईंनी पेटीवाल्याला मानेने खुणावलं आणि पेटी मिटली. सगळ्या लॉनवर कुजबुज. मी सवयीने 'रसिकहो' म्हणायला माइक उचलला आणि तसाच खाली घेतला. ताईंनीच हात जोडले.

"माझी भैरवी काल झाली," त्या म्हणाल्या. "ती तुम्हाला दारात मिळेल. घरी जा, दिवा लावा आणि ऐका. मीही आता तुमच्यातलीच."

टाळ्या वाजवाव्यात की नाही हेच लोकांना कळेना. कुणीतरी सुरू केल्या, त्या अर्ध्यावर राहिल्या. मग खुर्च्यांचा एकदम आवाज झाला आणि सगळा जमाव दाराकडे लोटला. सविता एकटी पडली. कॉप्या पुरल्या नाहीत, लोक एकमेकांच्या हातातून ओढून घ्यायला लागले. कुणी नाव लिहून घ्या म्हणत होतं, कुणी मॅटाडोरच्या टपावर थापा मारत होतं. दारात इतकी गर्दी सावळीरामला कधीच मिळाली नव्हती. आणि तो तिथे नव्हता. तो रिकाम्या स्टेजच्या कडेला उभा होता, मशीनच्या वायरी गुंडाळत. गुंडाळून झाल्या की सोडायचा आणि पुन्हा गुंडाळायचा.

घरी मी हातात करंजी घेऊन भैरवीची कॅसेट लावली. भैरवीबद्दल मी काही लिहिणार नाही, ते माझ्या आवाक्यातलं नाही. पण पहिल्या काही ओळींतच बायकोने कान टवकारले. "हे कोण चालतंय?" मी आवाज वाढवला. ताईंच्या सुरामागे फळ्यांवर पावलं वाजत होती. कुणीतरी इकडून तिकडे जात होतं, थांबत होतं, पुन्हा जात होतं. ताई एक स्वर लांबवून त्यावर थांबल्या होत्या, आणि बरोबर तिथे ती पावलं त्यांच्या मागून घाईघाईने गेली.

त्या दिवशी नाशिकमधल्या कितीतरी घरांत हा प्रश्न विचारला गेला असणार. सावळीरामकडे लोक जाऊन विचारायचे, आणि तो खोटं बोलायचा नाही. "मीच हाय तो," म्हणायचा. कुणी चिडायचं, कुणी हसून सोडून द्यायचं. तो पुढेही कार्यक्रमांच्या कॅसेटी करत राहिला, पण भैरवी दारात देण्याचा नाद त्याने सोडला. मोहिनीताई काही वर्षं पाडव्याला पहिल्या रांगेत येऊन बसल्या. सावळीराम त्यांच्यासाठी शेवंतीची वेणी आणायचा, त्यांच्या शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहायचा. त्या म्हणायच्या, बस रे. तो हो म्हणायचा आणि उभाच राहायचा. मग ताई गेल्या.

तोपर्यंत सीडी आली होती. लोकांच्या कॅसेटींच्या फिती गुंतून खराब झाल्या होत्या, आणि ती भैरवी सीडीवर मिळेल का म्हणून सावळीरामच्या मागे तगादा लागला. कॉलेज रोडला एका स्टुडिओत कॉम्प्युटरवर काम करणारी शुभांगी नावाची मुलगी होती, तिच्याकडे आम्ही मूळ कॅसेट घेऊन गेलो. मी एवढ्यासाठी, की सीडीच्या सुरुवातीला माझं निवेदन घ्यायचं सावळीरामने स्वतःहून कबूल केलं होतं. शुभांगीने भैरवी ऐकली, पडद्यावरच्या रेघांकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "काका, ही पावलं ना, मी काढू शकते. कळणारसुद्धा नाही."

सावळीराम पडद्याजवळ वाकला. एवढी वर्षं लोकांनी ज्यावरून त्याला टोकलं, ते पुसता येत होतं. "काढा," तो म्हणाला.

तिने दुपारभर बसून काढली. मग तिने त्याच्या कानांना हेडफोन लावला आणि मला दुसरा दिला. भैरवी लख्ख ऐकू आली. पेटी, तबला, ताईंचा श्वास, सगळं स्वच्छ. सावळीराम डोळे मिटून ऐकत होता, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तो खुर्चीवर बसला आहे. त्याने पूर्ण भैरवी बसून ऐकली. ताई त्या लांबवलेल्या स्वरावर आल्या, मागे काहीच वाजलं नाही, आणि त्याचे डोळे भरून वाहायला लागले.

त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"ती पावलं परत टाका," तो शुभांगीला म्हणाला. "समोर कुणीच नाय हो. ताई एकल्याच गात्यात."